सकाळी सहाला पहिला षड्ज : उघड्या मैदानावरच्या साउंडचं काम

भोपळ्याजवळचा_माइक (धागाकर्ता)

परवा रविवारी दुपारी एका महोत्सवाचं शेवटचं सत्र संपलं. आम्ही केबल गुंडाळत होतो. एक आजोबा काठी टेकत कन्सोलपाशी, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज जुळवायच्या टेबलापाशी, आले आणि म्हणाले, "आज आवाज इतका छान होता, की तुम्हाला काही करावंच लागलं नसेल." त्यांनी मनापासून कौतुक केलं होतं, मीही वाकून नमस्कार केला. पण घरी येऊन झोपून उठलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हा धागा.

मी मिरजेचा. एकोणीस वर्षं लाइव्ह साउंड करतोय. लहानपणी वडील दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या सभांना न्यायचे. तिथे सगळे गवयाकडे बघत आणि मी माइकवाल्याकडे.

हा महोत्सव तीन दिवसांचा, डिसेंबरातला. मैदान उघडं, डोक्यावर मांडवाचं कापड, बाजूंना काही नाही. मी फक्त शनिवारची रात्र सांगतो.

रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम. शनिवारचं सत्र पावणेदहाला आटपलं. रविवारी सकाळी सहाला गायन, राग ललत. म्हणजे सकाळच्या गायनाचा साउंड चेक करायला स्पीकर लावताच येत नाहीत. गायिकेचा पहिला सूर स्पीकरमधून निघतो तेव्हा समोर दीड हजार माणसं शाली पांघरून बसलेली असतात.

बरं, शनिवारी संध्याकाळी लावून ठेवलेलं सकाळी तसंच चालेल म्हणावं, तर हवा तशी राहत नाही. आमचे मागच्या लोकांसाठीचे डिले स्पीकर मंचापासून ६० मीटरवर होते. मंचावरचा आवाज तिथवर हवेतून पोचायला वेळ लागतो, म्हणून मागच्या स्पीकरचा आवाज तेवढाच थांबवून सोडायचा. २२ अंशांना आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो, ११ अंशांना ३३८. संध्याकाळी १७४ मिलिसेकंद बरोबर होते, पहाटे १७७.५ लागतात, आणि दुपारी ३० अंशांना पावणेदोनशेच्याही खाली, १७२. पहाटे जुनाच आकडा ठेवला तर मागच्या माणसाला डिलेचा आवाज आधी येतो आणि मंचाचा नंतर. मग त्याला वाटतं, बाई समोर गातायत आणि आवाज बाजूच्या खांबातून येतोय. मी हिशेबापेक्षा दहाएक मिलिसेकंद जास्तच ठेवतो. आधी मंच ऐकू आला की कान मंचालाच धरून राहतो. तरी दर सत्राला थर्मामीटर बघून आकडा बदलतोच.

रात्री एकच्या सुमारास दव पडायला लागलं. कन्सोलवर प्लास्टिक टाकायचं, पण गच्च बांधायचं नाही, आतून घाम धरतो. कन्सोल चालूच ठेवायचा, म्हणजे अंगात थोडी ऊब राहते. गवतावर पडलेला केबलचा प्रत्येक जोड उचलून विटेवर ठेवला आणि वरून पिशवी. असे एकंदर सेहेचाळीस जोड. दोन पोरं बॅटरी घेऊन हेच करत होती. ओल्या जोडातून सकाळी कर्रकन आवाज आला की अख्खा आलाप गेला.

साडेचारला शिष्या दोन तानपुरे घेऊन आल्या. ग्रीनरूममध्ये लावलेले होते, मंचावर आणताच गारठ्याने उतरले, पुन्हा लावले. मी मेन स्पीकर बंद ठेवून हेडफोनवर एकेक माइक ऐकला. मंचावरचे मॉनिटर, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेले स्पीकर, तेही बंदच, कारण तेही लाउडस्पीकरच. गायिकाबाई पाच वाजता येऊन बसल्या. त्यांना मी सांगितलं, "ताई, सहा वाजेपर्यंत तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही, पहिली दोन मिनिटं मला द्या." त्या म्हणाल्या, "दोन मिनिटं तानपुराच ऐकूया सगळे."

सहा वाजले. मी आधी फक्त तानपुऱ्याचे दोन फेडर, म्हणजे कन्सोलवरच्या आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्ट्या, उघडले. मला तेवढ्यात सगळं तपासून घ्यायचं होतं. तानपुऱ्यात खर्जापासून घोडीवरून उमटणाऱ्या जवारीच्या झणकाऱ्यापर्यंत सगळं असतं, साउंडवाल्याला याहून चांगलं वाद्य नाही. शेवटच्या रांगेत आमचा एक मुलगा वॉकीटॉकी घेऊन उभा होता. त्याला विचारलं, "जवारी येते का?" तो म्हणाला, "येते, पण जरा टोचते." दमट हवेत वरच्या पट्टीतला आवाज कमी मरतो, त्यामुळे आदल्या दुपारी मागच्यांसाठी वाढवलेलं ट्रेबल, म्हणजे तीच वरची पट्टी, आता जास्त झालं होतं. ते दोन-अडीच डीबीने (डेसिबलने) खाली घेतलं. मग मॉनिटरचा आवाज हळूहळू वाढवला. बाईंनी मान हलवली आणि षड्ज लावला.

त्या क्षणी कुणाचंच लक्ष आमच्याकडे नव्हतं. तसंच असायला हवं. पण आजोबा हा धागा वाचत असतील तर त्यांना सांगायचंय, की रात्रभर जागलो होतो, आठ जण.

तुमचे अनुभव लिहा. वाजवणाऱ्यांचे, ऐकणाऱ्यांचे, शेजाऱ्यांचेही.

---

तिसरी_सोडून_तिसावी_रांग

सुंदर लिहिलंय, तानपुऱ्याचं वाचताना काटा आला. एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे. मी कायम मागे बसते, पुढची तिकिटं परवडत नाहीत. सकाळच्या सत्रात मागेही सगळं स्वच्छ ऐकू येतं आणि अकरा-साडेअकरानंतर शब्द पुसट व्हायला लागतात. बंदिशीचे शब्दच कळत नाहीत. दर वर्षी हेच. आवाज कुणी कमी करतं का?

---

भोपळ्याजवळचा_माइक

कुणी कमी करत नाही, ताई. दोन गोष्टी होतात. उन्हाने जमीन तापते, जमिनीलगतची हवा गरम आणि वरची त्यामानाने गार. अशा हवेत आवाज वरच्या बाजूला वळतो आणि मागच्या रांगांच्या डोक्यावरून जातो. दुसरं म्हणजे दुपारची हवा कोरडी. कोरडी हवा वरच्या पट्टीतला आवाज जास्त खाते आणि स, त, क ही व्यंजनं तिथेच असतात. १५ अंशांच्या हवेत ५० मीटरवर ८ किलोहर्ट्झचा आवाज २० टक्के आर्द्रतेला १० डीबीने पडतो, ८० टक्क्यांना फक्त ४ डीबीने. हे फक्त हवेने खाल्लेलं, अंतराचं वेगळं.

यावर उपाय आवाज वाढवणं नव्हे. वाढवला तर पुढच्यांचे कान दुखतात आणि मागे घुमतं. मागे डिलेची आणखी एक जोडी लागते, म्हणजे प्रत्येक स्पीकरला कमी अंतर कापावं लागतं. आयोजक खर्च कमी करताना पहिली काट त्याच जोडीवर मारतात. पुढच्या वर्षी तुम्ही मागच्या रांगेवाल्यांनी अभिप्रायाच्या वहीत लिहा. आमच्या सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

---

बायेची_शाई

तबलजीच्या बाजूने लिहितो. पंचवीस वर्षं वाजवतोय.

उघड्यावर आमचं कातडंच हवामान खातं. दव असलं की पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते, दाया (उजव्या हाताचा तबला) सुरात उतरतो. ऊन चढलं की वर जातो. सकाळच्या एका बैठकीत मी हातोडी चार-पाच वेळा उचलतो, श्रोत्यांना वाटतं हा लहर म्हणून ठोकतोय. दोन दाये नेतो, एक पांघरूण घालून मांडीजवळ.

साउंडवाल्यांकडून मला दोनच गोष्टी हव्या असतात. बायाचा, म्हणजे डग्ग्याचा, माइक पुडीच्या फार जवळ लावू नका, मींड घेताना नुसता ढब ढब ऐकू जातो, घुमारा जातच नाही. आणि साउंड चेक. वेळेची काट दर वेळी तिथेच लागते. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रायोजकांचे दोन शब्द यातलं काहीही पाच मिनिटांनी आखूड होत नाही, आमची वीस मिनिटं मात्र चार होतात. मग पहिली दहा मिनिटं रसिकांसमोर "माइक वाढवा, मॉनिटर कमी करा" असे हातवारे करत बसायचं. विलंबित एकतालाची पहिली दोन आवर्तनं त्यात गेली की ती परत येत नाहीत.

---

वेज_आणि_वळण

बायेची_शाई, एकदम बरोबर.

मी मॉनिटर मिक्स करते, म्हणजे कलाकारांना मंचावर जे ऐकू येतं ते. श्रोत्यांना माझं काम कधीच ऐकू येत नाही. माझी चूक मात्र सगळ्यांना ऐकू येते, शिट्टी म्हणून.

शिट्टी का येते ते सांगते, कारण बरेच जण समजतात की मशीन खराब आहे. माइकमधून गेलेला आवाज मॉनिटरमधून बाहेर येतो, तोच पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि फिरत राहतो. गायकाचा आवाज हळू, तानपुरा त्याहून हळू, म्हणून माइक खूप उघडावे लागतात आणि वर गायकाला तानपुरा मॉनिटरमध्येही भरपूर हवा असतो. सुराचा आधार आहे तो, त्यांनी मागितलाच पाहिजे. मग एकच वाट राहते, माइकला जिथून कमी ऐकू येतं तिथे मॉनिटर ठेवायचा. साध्या कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या, माइकला ती जागा बरोबर पाठीमागे. समोरचं त्याहून अरुंद ऐकणाऱ्या सुपरकार्डिऑइडला पाठीमागे थोडं ऐकू येतं, त्याची बहिरी जागा सव्वाशे अंशांच्या आसपास, म्हणजे मागे पण तिरकी. मंचावर फुलांची सजावट करणारे नेमका तोच मॉनिटर उचलून सरळ करतात, "फोटोत वाकडा दिसतो" म्हणून. मी आता प्रत्येक मॉनिटरच्या पायाशी जमिनीवर चिकटपट्टी लावते आणि सुरू व्हायच्या आधी स्वतः वाकून बघते.

आणखी एक. रात्रभर मैदानावर काम करणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह उघडं ठेवा. रात्री दहाला कुलूप लागतं आणि सकाळी सहाला निघतं. मधले आठ तास मी पाणी पीत नाही. अकरा वर्षं हे चाललंय.

---

भोपळ्याजवळचा_माइक

वेज ताई, तुमचं शेवटचं वाचून अंगावर आलं. आमच्या आठ जणांत एकही मुलगी नाही, म्हणून मी हे कधी विचारलंच नव्हतं. यापुढे आयोजकांना पाठवायच्या यादीत ही ओळ जाईल.

---

तीन_फेज_एक_न्यूट्रल

मी वीज कंपनीतून निवृत्त. साउंडमधलं कळत नाही, विजेतलं कळतं. मैदानावरच्या तात्पुरत्या जोडण्या बघून पोटात गोळा येतो. हम्म असा आवाज येतो म्हणून थ्री-पिनची अर्थिंगची पिन मोडून टाकणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. ओल्या गवतावर अनवाणी बसलेला माणूस, हातात धातूचा माइक आणि अर्थिंग नाही! कृपया कुणीही असं करू नका.

धागाकर्ते, तुम्ही जनरेटरचं काय बघता?

---

भोपळ्याजवळचा_माइक

काका, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. त्या आठवणीने अजून झोप उडते.

साताठ वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी. जनरेटर आयोजकांनी ठरवलेला. हार्मोनिअमवादक एकल वाजवत होते. साडेसात वाजले असतील. एकदम डावीकडचे हॅलोजन लख्ख पांढरे झाले आणि उजवीकडचे निखाऱ्यासारखे लाल. मला कळेपर्यंत दोन-तीन सेकंद गेले. मी "मेन पाडा" असं ओरडलो, तोवर दोन अ‍ॅम्प्लिफायर आणि कन्सोलच्या पॉवर सप्लायमधून धूर निघाला. पॅनेलमधला न्यूट्रलचा, म्हणजे तिन्ही फेजच्या परतीच्या तारेचा, स्क्रू सैल होता. तो सुटला. तीन फेजवरचा भार सारखा नव्हता, त्यामुळे ज्या फेजवर भार कमी तिथे २३० चे साडेतीनशेच्या वर गेले. आमचा साउंड त्याच फेजवर. हार्मोनिअमवादक थांबले नाहीत. लोक खुर्च्या उचलून मंचाजवळ आले आणि त्यांनी पुढचा अर्धा तास माइकशिवाय वाजवलं. नुकसानीची भरपाई कुणी दिली नाही. ते कर्ज मी दोन वर्षं फेडलं.

पॅनेल मी स्वतः उघडून बघितलं नव्हतं, ती चूक माझी.

आता साउंडला वेगळा जनरेटर, लाइटला वेगळा. लाइट मंद-प्रखर करणारे डिमर आमच्या लाइनवर आले की गुणगुण सुरू होते, तेही टळतं. तांब्याचा रॉड स्वतः ठोकतो, भोवती पाणी घालतो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावून दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर मंचावर काहीही जोडत नाही. मग दर तासाला फेज-न्यूट्रलचा आकडा एका पोराने वहीत लिहायचा. आणि गुणगुण आली तर अर्थिंगला हात लावायचा नाही, डीआय बॉक्सवरचा (वाद्य कन्सोलला जोडणाऱ्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्ट वापरायचा, तो फक्त आवाजाच्या केबलचा ग्राउंड तोडतो, किंवा मंचावरची सगळी उपकरणं वीजवाटपाच्या एकाच पेटीवर आणायची.

---

दरबारी_ऐकलेला_माणूस

तुमचा धागा वाचून सवाई गंधर्व महोत्सवाची आठवण आली. भीमसेनजींनी १९५३ साली पुण्यात सुरू केला. मी रमणबागेच्या मैदानावर रात्रभर बसलोय. बारा-एकला दरबारी, त्यानंतर मालकंस आणि उजाडताना भैरव. घोंगडी, थर्मासमधला चहा. आता दहाच्या ठोक्याला आवरतं घ्यावं लागतं आणि रात्रीचे राग संध्याकाळी सातला गावे लागतात. नियमाला कारण आहे हे मान्य, पण सत्तरी ओलांडलेल्या माझ्यासारख्याला उघड्या मैदानावर मध्यरात्रीचा दरबारी पुन्हा ऐकायला मिळणार नाही, याचं दुःख आहे.

---

मैदानासमोरची_खिडकी

काका, तुमचं दुःख समजतं. पण मी अशाच एका मैदानासमोर राहते. शास्त्रीय संगीत वर्षातून तीन दिवस, बाकीचे दिवस लग्नं, वाढदिवस, मिरवणुका, राजकीय सभा. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. रात्री बेसच्या दणक्याने खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि ती दचकून जागी व्हायची. दहाचा नियम नसता तर आम्ही घर सोडलं असतं. एकाला परवानगी दिली की सगळ्यांनाच द्यावी लागते.

मला एक कळत नाही. रात्री आणि पहाटे तोच आवाज इतका जवळ कसा वाटतो? सगळीकडे शांतता असते म्हणून का?

---

भोपळ्याजवळचा_माइक

शांतता हे एक. दुसरं, दुपारच्या बरोबर उलटं होतं. थंडीत रात्री जमीन निवते, खालची हवा गार आणि वरची उबदार. मग वर गेलेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. किलोमीटरभर लांबच्या घरात तबला स्पष्ट ऐकू येतो, पण मधल्या घरात नाही, असंही होतं. पहाटे हे सगळ्यात जास्त. म्हणून सहाला सुरू करताना मी संध्याकाळपेक्षा आवाज खालीच ठेवतो, माणसंही शांत बसलेली असतात.

निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डीबी, आणि कार्यक्रमाच्या जागेच्या हद्दीवर त्याहून फार तर १० डीबी वर. म्हणजे ६५. राज्य सरकारला वर्षातले १५ दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंतची सूट देता येते, पण हद्दीवरची मर्यादा तेव्हाही पाळायची असतेच. आमच्याकडून होण्यासारखं एकच, आवाज श्रोत्यांवर टाकायचा आणि मागे सांडू द्यायचा नाही. स्पीकर उंच टांगून खाली वाकवले की तो मैदानातच पडतो. बेसच्या पेट्या काही पुढे, काही मागे तोंड करून आणि हिशेबाने उशीर देऊन लावल्या की मंचामागे बराच कमी होतो. यात दोन पेट्या जास्त लागतात आणि दीड तास जास्त जातो. तुमच्या आईसारखं कुणी मंचामागच्या घरात असेल तर तो दीड तास मी देईन.

दरबारी_ऐकलेला_माणूस, काका, तुमची रात्र मला परत आणता येणार नाही. पण संध्याकाळी गायलेला दरबारीही मागच्या रांगेत मंद्रातल्या निषादासकट पोचेल, एवढं मी बघतो.

---

टेम्पोत_झोपलेला

मी बावीस वर्षांचा, दोन वर्षं एका साउंडवाल्याकडे आहे. अजून कन्सोलला हात लावू देत नाहीत. केबल, स्टँड आणि पेट्या उचलणं. कानात रात्री सूं असा आवाज येतो, सकाळी जातो. यात पुढे काही आहे का?

---

वेज_आणि_वळण

आधी कान. तो सूं म्हणजे कानाची तक्रार आहे, ती रोज होत असेल तर एक दिवस कायमची राहते. उद्याच्या उद्या इअरप्लग घे आणि कानाच्या डॉक्टरकडून तपासणी करून घे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डीबीची मर्यादा सुचवली आहे, पंधरा मिनिटांच्या सरासरीने. आणि तू तर स्पीकरशेजारी रोज पाच तास उभा असतोस. माझ्या गुरूंना आता उजव्या कानाने वरचे स्वर ऐकू येत नाहीत.

केबलला कमी समजू नकोस. एक वळसा सुलटा, एक उलटा, अशी गुंडाळायला लागलास की केबल पीळ धरत नाही आणि फेकली की सरळ जाते. अंधारात, घाईत, ओल्या हातांनी हे जमलं की तुझ्या मालकाच्या लक्षात येईल. आणि रोज एक तानपुरा ऐक, नुसता, डोळे मिटून.

---

भोपळ्याजवळचा_माइक

+१. आणि मित्रा, वारा सुटला तर टांगलेले स्पीकर खाली घेईपर्यंत मंचाखाली कुणाला थांबू देऊ नकोस, कार्यक्रम कितीही रंगलेला असो. अमेरिकेत इंडियानाच्या जत्रेत २०११ साली वाऱ्याने मंचाचं छप्पर कोसळून सात माणसं गेली. हे सांगायला मालक व्हावं लागत नाही, जो पहिल्यांदा बघेल त्याने ओरडायचं.

---

मंडळाचा_चिटणीस

आमच्या गावच्या मंडळाचा दोन दिवसांचा संगीत महोत्सव पुढच्या महिन्यात आहे. पहिलंच वर्ष, हजारभर श्रोते धरलेत. साउंडवाल्याने पाठवलेलं अंदाजपत्रक बघून सदस्य म्हणत होते की एवढं कशाला. धागा त्यांना वाचायला दिला. आम्ही नेमकं काय द्यायचं ते सांगाल का?

---

भोपळ्याजवळचा_माइक

पैशांची घासाघीस करा, पण आदल्या दिवशी दुपारी तीनला मैदान मोकळं द्या, म्हणजे दहाच्या आत यंत्रणा लावून ऐकता येईल. साउंडचा जनरेटर स्वतंत्र. प्रत्येक कलाकाराच्या आधी अर्धा तास पडदा पाडून साउंड चेक, सत्कार त्यानंतर. कन्सोल मधोमध, मंचापासून मैदानाच्या साधारण दोन तृतीयांश अंतरावर. कडेला मांडवाच्या खांबाआड बसवलात, तर तो माणूस तुमच्या श्रोत्यांना ऐकू येणारा आवाज ऐकूच शकणार नाही. स्वच्छतागृहाची चावी रात्री मैदानावरच ठेवा. आणि पाहुण्यांची पंगत उठल्यावर आमच्या पोरांसाठी काही उरत नाही, त्यांचं जेवण आधीच बाजूला काढून ठेवा.

---

मंडळाचा_चिटणीस

जनरेटर, चावी आणि जेवण आजच्या सभेत मंजूर झालं. साउंड चेकसाठी सत्कार दोन्ही दिवस मिळून एकदाच करायचं ठरवलं. कन्सोलच्या जागी मात्र प्रमुख पाहुण्यांचे सोफे येतात, ते दोन रांगा पुढे घ्यायचे तर अध्यक्षांशी बोलावं लागेल. उद्या सकाळी त्यांच्याकडे जातोय, काय ठरतंय ते इथे लिहितो.